इंगळ राहावेत, राख निघावी

पहाटे पावणेपाचला वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की पहिला वास येतो तो थंड राखेचा. रात्रीच्या डाळीचा आणि ओल्या फडक्यांचा वास त्याच्या मागून येतो. दापोली तालुक्यातल्या या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी 19 वर्षं सांभाळते आहे. 120 मुलं, दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि थंडी-पावसात अंघोळीचं गरम पाणी. नाश्ता, भाजी, भाकऱ्या गॅसवर होतात. भात, डाळ आणि पाणी लाकडावर. आवारातल्या आंबा-काजूची वाळकी लाकडं, समुद्राकडून येणारी सुरूची फाटी, नारळाची चुडतं, करवंट्या, सोडणं असं जळण घरचंच असतं. ते पावसाआधी पडवीत रचून ठेवलं की वर्ष निघतं.

आमची चूल विटा-मातीची आहे, कमरेएवढी उंच आणि चार फूट खोल. पुढं मोठ्या पातेल्याचं तोंड, मागं दुसरं, आणि त्याच्या मागं धुराडं. पुढच्या तोंडाखाली बिडाची जाळी बसवलेली आहे आणि जाळीखाली राख पडायला कप्पा. लाकूड जाळीवर जळतं, कप्प्यातून वारा वर चढतो, आच मागच्या तोंडाला लागते, धूर धुराड्यातून बाहेर जातो. चूल बांधणाऱ्यानं विचार करून बांधली होती. मात्र ती रोज साफ करायची कशानं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यानं चूल वापरलेली नाही त्याला वाटेल, राख काढायला काय लागतं? पण राख चुलीचा श्वास कोंडते. कप्पा भरून राख जाळीला टेकली की खालून वारा येणं बंद होतं. मग लाकूड धुमसतं, डोळे चुरचुरतात, भाताला आधण यायला अर्धा तास जास्त लागतो. शिवाय जाळी खालच्या वाऱ्यानं जरा तरी निवते. तो वारा अडला की बीड लाल होऊन वाकतं. अशा दोन जाळ्या माझ्या हातून गेल्या. दुसरी गेली तेव्हा मी ती अंगणात टाकली आणि तिच्याकडे बघत बसले. मधल्या चार पट्ट्या खाली झोळ पडल्यासारख्या लोंबत होत्या. मला फार वाईट वाटलं, कारण तो दोष जाळीचा नव्हता. आम्ही तिला रोज राखेत पुरत होतो.

तेव्हा राख ओढायला आमच्याकडे होतं काय? माझ्याबरोबर एक मावशी होत्या, तीस वर्षांहून जास्त काळ चुलीशी काढलेल्या. त्या नारळाच्या झावळीचा बुडखा घ्यायच्या. झावळीचा दांडा बुंध्याशी रुंद होत जातो, तो आपोआपच खोऱ्यासारखा असतो. रात्री पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी त्यानं राख पुढं ओढायची. आठवडाभरात त्याचं टोक जळून निमुळतं व्हायचं, की नवा बुडखा. मला ते कमीपणाचं वाटायचं. एवढी मोठी चूल आणि हत्यार काय, तर जळका दांडा! आपण काहीतरी कायमचं करावं असं मनात होतं.

पहिला प्रयोग अॅल्युमिनियमच्या जुन्या परातीचा. तिचा काठ कापून मी एका लांब सळईला तारेनं बांधला. पहिल्या दिवशी राख छान आली. दुसऱ्या दिवशी मागच्या तोंडाखालचे सुरूचे इंगळ ओढायला गेले आणि बाहेर काढून बघते तर पत्र्याची कड मेण वितळावं तशी ओघळलेली. सुरूचा इंगळ फार कडक, नारिंगी तापतो. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि वारा लागलेला इंगळ त्याच्या कितीतरी पुढं जातो. ही माहिती नंतर कळली. त्या सकाळी एवढंच कळलं की ज्यात आपण रोज चहा उकळतो ते भांडं पाण्यामुळे वाचतं, आगीमुळे नाही.

दुसरा प्रयोग मोडक्या कुदळीचं पातं आणि नळाचा टाकून दिलेला लोखंडी पाइप. पातं मजबूत होतं, पाइप लांब होता. पण पोकळ पाइपचं एक तोंड इंगळात आणि दुसरं माझ्या मुठीशी. तिसऱ्या-चौथ्या ओढीला पाइपमधून गरम झोत येऊन तळहाताला चटका बसला. फडकं गुंडाळलं तर पकड सुटायची. वजन इतकं की दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. मावशींनी तो एकदा उचलला, ठेवला आणि परत आपला बुडखा घेतला. त्या काही बोलल्या नाहीत.

मग मी पाइप आणि पातं घेऊन गावातल्या लोहारकाकांकडे गेले. म्हटलं, "काका, हे दोन्ही एकत्र पक्कं जोडून द्या." त्यांनी पाइप हातात घेतला, नखानं खरवडला आणि बाजूला ठेवला.

"वहिनी, हा जस्ताचा. ह्याला भट्टीत घातलं की पांढरा धूर सुटतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या वडलांनी सांगून ठेवलंय, जस्ताला आग दाखवायची नाही."

मला धक्का बसला. गंजू नये म्हणून ज्या पाइपवर जस्त चढवतात, तोच पाइप मी रोज इंगळात घालत होते, आणि शेजारी मावशी उभ्या असायच्या. त्या दिवसापासून तो पाइप स्वयंपाकघराच्या बाहेर गेला. मग काकांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचंय?" मी म्हटलं, "राख ओढायचीय." "ओढून?" "ओढून बाहेर टाकायची." ते म्हणाले, "मग पातं तेवढं बरोबर आहे. जा, दांडा बघून या." मी परत आले, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर दिलं मावशींनी, तेही तांदूळ निवडताना. दुपारी दोघी ताटं घेऊन बसलो होतो. मी जाळीचं, पात्याचं, काकांचं सगळं सांगत होते. त्या ऐकत होत्या, बोटं चालू होती. मग म्हणाल्या, "तू तांदूळ निवडताना काय बाहेर काढतेस? खडा की तांदूळ?"

"खडा."

"आणि चुलीतनं?"

मी गप्प झाले. चुलीतून आम्ही सगळंच बाहेर काढत होतो. राखेबरोबर लालभडक इंगळ घमेल्यात यायचे, ते बाहेर नेऊन पाणी मारून विझवायचे आणि मग नव्या लाकडाला काडी लावून, फुंकणीनं फुंकत पहिल्यापासून सुरुवात. मावशी पुढं म्हणाल्या, "राख जड नाही, पण बारीक. हलवलं की खाली बसते. इंगळ वर राहतात. सुपात कसं होतं? आपण सूप ओढतो का? हलवतो."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वजन केलं. घमेल्यातली सगळी राख निवल्यावर तांदळाच्या चाळणीनं चाळली. खाली पडली ती राख साडेतीन किलो. चाळणीत उरला तो कोळसा जवळजवळ चार किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त आम्ही जळणच फेकत होतो. रोज साधारण 100 किलो लाकूड जळायचं. चांगल्या वाळलेल्या लाकडाची राख शंभराला एखाद-दुसरा किलोच होते. आमच्या लाकडाला साल, माती, नारळाचा भुसा असायचा म्हणून थोडी जास्त. एवढ्याशा राखेसाठी एवढा विस्तव आम्ही मारत होतो. आणि तो पेटवायला कुणीतरी झाड तोडलं होतं, कुणीतरी डोक्यावरून मोळी आणली होती.

तेव्हा लक्षात आलं की मला खोरं नकोच होतं. मला पाहिजे होतं दाताळं. शेतात पातेरा गोळा करायला, राबाच्या जागी कवळ पसरायला आपण वापरतो तेच. दातांतून माती खाली राहते आणि पाला पुढं येतो. इथं मातीच्या जागी राख, पाल्याच्या जागी इंगळ.

काकांकडे परत गेले ते कागदावर चित्र काढून. काकांना कागदाची गरज नव्हती. त्यांनी जमिनीवरच कोळशानं आखलं. डोक्याला इंचभर रुंदीची जाड लोखंडी पट्टी, सहा इंच लांब, कारण चुलीचं तोंड नऊ इंच. त्या पट्टीला चार सुती सळईचे सात दात, तीन-तीन इंचांचे. पट्टीला काटकोनात अडीच फूट लांब भरीव सळई. आणि तिच्या पुढं लाकडी दांडा.

दांड्याशी आम्ही अडलो. काका म्हणाले, सळईच पाच फूट करू. मला कुदळीच्या पाइपचा चटका आठवत होता. भरीव सळईतून झोत येणार नाही हे खरं, पण लोखंड ते लोखंड. मग एकदम मावशींचा बुडखा डोळ्यापुढं आला. मी ज्याला कमीपणाचं समजत होते त्याच्यात एक गोष्ट सगळ्यात चांगली होती. तो कधी हाताला तापला नाही. जळायचा तो टोकाशी. मुठीशी शेवटपर्यंत गार आणि हलका. म्हणजे त्याचा मागचा भाग बरोबर होता, पुढचा चूक. आणि माझ्या पाइपचं नेमकं उलटं होतं.

आम्ही माणग्याची काठी घेतली. माणगा हा कोकणातला बांबू, बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो आणि चिरत नाही. अडीच फुटांचा तुकडा, पेराचा फुगवटा मुठीच्या शेवटी येईल असा, म्हणजे घामानं हात घसरला तरी तिथं अडतो. काकांनी सळईचं मागचं टोक चपटं करून काठीत बसवलं, वर लोखंडी शेंबी गरम करून चढवली आणि पाणी मारलं. शेंबी आवळून बसली. काठीतून वाफ आली आणि ओल्या बांबूचा गोड वास सुटला. काकांनी दांडा उलटा धरून दगडावर दोनदा आपटला आणि माझ्या हातात दिला.

पहिल्या सकाळी दाताळं फसलं. सात दात म्हणजे दोन दातांत फट जेमतेम तीन सुतांची. करवंटीचे छोटे इंगळ नेमके त्या फटीत अडकायचे आणि दोन ओढींत दाताळ्याचं परत खोरं व्हायचं. मला रडू यायच्या बेतात होतं. मावशींनी दाताळं उचलून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "दात जास्त झालेत. जाडीभरडी कंगवी पाहिजे, उवांची फणी नको." मी काकांकडे धावले नाही. लोखंड कापायच्या करवतीनं मधले तीन दात स्वतः कापले, एक आड एक. चार राहिले. आता फट झाली सव्वा इंच, अंगठा सहज जाईल एवढी.

त्यानंतर मात्र ते चाललं, आणि कसं चाललं ते सांगायलाच हवं. दाताळं चुलीत शेवटपर्यंत घालायचं, धुराड्याच्या पायथ्यापर्यंत. दात खाली करून हलक्या हातानं पुढं ओढायचं, दाबायचं नाही. छोट्या छोट्या ओढी, केस विंचरतो तशा. राख दातांतून गळत मागं राहते आणि इंगळ एकमेकांवर घरंगळत जाळीवर येऊन बसतात. जाळीवर आले की दाताळं आडवं-उभं दोनदा फिरवायचं. उरलेली राख जाळीतून खाली झरते. अंधारात ती झरताना दिसते, मधूनच एखादी ठिणगी चमकते. मग इंगळांचा रंग बदलतो. राखेखाली काळपट लाल असलेले, वारा लागताच आधी कुंकवासारखे आणि मग झेंडूसारखे होतात. त्यावर एक वाळकं चुडत ठेवलं की दहा श्वासांत जाळ. काडी नाही, रॉकेल नाही, फुंकणी नाही.

मग दाताळं उलटं करायचं. पट्टीची सरळ कड खाली येते. तिनं कप्प्यातली राख ओढून घमेल्यात घ्यायची. एकाच हत्याराचं एक अंग निवडायला आणि दुसरं ओढायला, हे मी ठरवून केलं नव्हतं. काकांनी पट्टी आडवी न लावता उभी लावली म्हणून ते जमून आलं. आतल्या विटांवर बोटभर राख मात्र मी मुद्दाम ठेवते. ती खालची वीट थंड पडू देत नाही आणि रात्री इंगळ झाकायला तीच उपयोगी पडते. जेवणं झाली की इंगळ एका जागी ओढायचे आणि वर राख लोटायची. पहाटेपर्यंत विस्तव आत जिवंत राहतो. आमच्या लहानपणी शेजारणी करवंटीत विस्तव मागायला यायच्या, तो असाच राखलेला असायचा. 'राखणं' आणि 'राख' हे दोन शब्द मला चुलीशी नेहमी शेजारी-शेजारी ऐकू येतात.

एक चूक इथं लिहून ठेवते, कारण ती कुणाच्याही हातून होईल. दाताळं आलं त्याच वर्षी मार्चमध्ये, संध्याकाळी काढलेली राख मी मागच्या अंगणात पातेऱ्याच्या कडेला ओतली. हाताला कोमट लागत होती, वरून पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि पातेऱ्यातून पडवीत रचलेल्या चुडतांपर्यंत आग गेली. मोठ्या मुलांनी विहिरीपासून रांग करून बादल्या मारल्या म्हणून छप्पर वाचलं. राख काढून जवळजवळ अठरा तास झाले होते. राख ही विस्तवाची गोधडी आहे. आतला इंगळ दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो. तेव्हापासून राख आधी तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण, डबा उघड्या अंगणात दगडावर, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. डबा घरात किंवा बंद खोलीत ठेवायचा नाही, कारण दबलेल्या इंगळातून निघणारा वायू दिसत नाही, वास देत नाही आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

निवलेली राख मग आमच्यासाठी माल होते. दाताळ्यानं काढलेली राख चाळली की मऊ, कोळशाशिवाय मिळते, त्यामुळे भांडी घासायला हाताला टोचत नाही. मूग-चवळी साठवताना डब्यात तीच. उरलेली नारळाच्या आळ्यात. आमच्या शाळेतल्या शेतीच्या सरांनी मला समजावलं की राखेत चुना आणि पालाश असतं, नत्र मात्र लाकडाबरोबर जळून उडून जातं. युरोपात पूर्वी राखेचं पाणी भांड्यात आटवायचे आणि त्या भांड्यातल्या राखेवरून 'पोटॅश' हा शब्द आला; त्यातूनच 1807 साली हम्फ्री डेव्हीनं पोटॅशियम वेगळं केलं. आपली जांभ्या दगडाची माती आंबट, तिला राखेचा चुना मानवतो. फक्त युरियात राख मिसळायची नाही, नत्र हवेत उडून जातं. चाळणीत उरलेली कोळशाची चुरीही आता टाकत नाही. शेणात कालवून गोळे करतो, वाळवतो आणि पाण्याच्या चुलीला घालतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या कामासाठी 2002 साली अॅशडेन पुरस्कार मिळवला होता. आमचे गोळे त्यापुढं काहीच नाहीत. पण चुरी हे जळण आहे, कचरा नाही, हे त्यांच्या कामामुळे मला पटलं.

चुलीचे गोडवे गाणारं हे लिखाण नाही. धूर काय करतो ते मी मावशींच्या खोकल्यात ऐकलं आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली, आमच्याकडेही हळूहळू गॅस वाढला, आणि ज्या दिवशी भातही गॅसवर जाईल त्या दिवशी मी आनंदानं ही चूल थंड होऊ देईन. पण जोवर बाई चुलीपुढं उभी आहे, तोवर तिच्या हातातलं हत्यार नीट असलं पाहिजे. घरोघरच्या चुलींसाठी धुराडी आली, जाळ्या आल्या, नवे साचे आले. रोज पहाटे ती चूल साफ करणाऱ्या बाईच्या हाताचा विचार फार थोड्यांनी केला. लांबी किती, वजन किती, मूठ तापते का, दातांत काय अडकतं, हे तिला विचारलं तर ती एका वाक्यात सांगते. माझ्या मावशींनी तांदळाच्या ताटावरच सांगितलं होतं. ऐकायला मला दोन जाळ्या आणि एक परात जाळावी लागली.

मावशी तीन वर्षांपूर्वी काम सोडून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी दाताळ्याच्या दांड्याला, मुठीच्या जागी, जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून सुईनं टाके घालून दिली. नवीन आलेली मुलगी पहिल्या दिवशी दाताळं खोऱ्यासारखं दाबून ओढायला लागली. मी तिचा हात धरून तिला हलकी ओढ दाखवली. तिनं वाकून चुलीत बघितलं, राख गळून इंगळ पुढं येत होते. "मावशी," ती मला म्हणाली, "हे तर निवडल्यासारखं होतंय."